लॉकिंग्टन धरण

लॉकिंग्टन धरण : अमेरिकेच्या ओहायओ राज्यात, शेल्बी परगण्यात, लोरॅमी क्रीकवर बांधलेले मातीचे पूरनियंत्रण धरण. लांबी ६,४०० फूट (सुमारे १,९५० मी.), कमाल उंची ६९ फूट (सुमारे २१ मी.). ग्रेट मायामी नदीच्या खोऱ्यात १९१८ ते १९२२ या काळात पाच मातीची धरणे उभी राहिली, त्यांतले हे सर्वांत उत्तरेकडचे आणि साठवणीच्या मानाने सर्वांत लहान. क्रीक म्हणजे ओढा, पण या ओढ्याचे धरणापर्यंतचे पाणलोट क्षेत्र अडीचशे चौरस मैलांहून (साडेसहाशे चौ.किमी.हून) थोडे अधिक आहे. आपल्याकडे त्याला कोणीही नदीच म्हणेल. पुढे पिक्वा या गावाच्या वरच्या अंगाला लोरॅमी ग्रेट मायामीला मिळते, आणि ही नदी ट्रॉय, डेटन, मिडलटाउन, हॅमिल्टन अशी गावे-शहरे ओलांडत ओहायओ नदीत जाते. मायामी हे नाव येथील मायामी आदिवासींवरून आले. फ्लॉरिडातल्या प्रसिद्ध शहराशी त्याचा संबंध नाही.

या धरणाला दरवाजे नाहीत आणि त्यात पाणी साठवत नाहीत. मराठी वाचकाला हे आधी सांगायला हवे, कारण आपल्याकडे धरण म्हटले की साठा, टक्केवारी आणि आवर्तन यांचाच विचार येतो. जून कोरडा गेला आणि धरणाने तळ गाठला की सगळ्यांच्या काळजात धस्स होते. लॉकिंग्टनची गोष्ट नेमकी उलटी आहे. वर्षातले बहुतेक दिवस त्याचे बुडीत क्षेत्र कोरडे असते, तिथे मका आणि सोयाबीन उभे असते, आणि मध्यभागातून ओढा आपल्या जुन्याच वाटेने धरणापर्यंत येऊन काँक्रीटच्या दोन मोऱ्यांतून निघून जातो. रिकामे असणे हेच या धरणाचे तयार असणे. इंग्रजीतल्या नावाप्रमाणेच अशा धरणाला मराठीत ‘कोरडे धरण’ म्हणता येईल.

धरणाला नाव मिळाले ते शेजारच्या लॉकिंग्टन या खेड्यावरून. आज तिथे जेमतेम दीडशे माणसे राहतात, पण एके काळी गावाला मोठे महत्त्व होते. सिनसिनाटी आणि ईरी सरोवर यांना जोडणारा मायामी-ईरी कालवा १८४५ मध्ये पूर्ण झाला. त्याचा सर्वांत उंचावरचा टप्पा, म्हणजे लोरॅमीचा माथा, येथे संपत असे. उंचावरून दक्षिणेच्या उतारावर नावा उतरवायला दगडी बांधणीच्या जलपायऱ्यांची रांगच येथे होती. नाव एका हौदात घ्यायची, दार लावायचे, पाणी सोडून ती खाली आणायची, मग पुढच्या हौदात. जलपायरीला इंग्रजीत लॉक म्हणतात, त्यावरूनच गावाचे नाव पडले. गावाच्या दक्षिणेला कालवा जलसेतूवरून लोरॅमी ओलांडत असे. कालव्याला माथ्यावर पाणी पुरावे म्हणून याच भागात लोरॅमी, लुइसटाउन आणि सेंट मेरीज येथे मातीचे बांध घालून तलाव केले होते. म्हणजे मातीचा बांध येथील लोकांना नवा नव्हता. नवा होता तो पाणी न ठेवणारा बांध.

त्याआधीचाही इतिहास या ओढ्याकाठी आहे. लोरॅमी आणि ग्रेट मायामी यांच्या संगमाजवळ पिकाविलानी हे मायामी लोकांचे मोठे गाव होते. तिथे इंग्रज व्यापारी येऊ लागले म्हणून १७५२ मध्ये फ्रेंचांच्या बाजूच्या टोळ्यांनी ते उद्ध्वस्त केले. ओढ्याचे नाव ज्याच्यावरून आले, त्या फ्रेंच-कॅनडियन व्यापाऱ्याची वखार १७८२ मध्ये अमेरिकी फौजेने जाळली. पुढे १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात हीच वखार सीमेची खूण म्हणून नोंदली गेली.

धरणाचे कारण म्हणजे १९१३ चा महापूर. त्या वर्षी ईस्टरचा रविवार २३ मार्चला आला. हिवाळा सरत होता आणि जमिनीत आधीच पाणी भरलेले होते. रविवारपासून तीन दिवस पाऊस थांबला नाही. खोऱ्यात ठिकठिकाणी ९ ते ११ इंच पाणी पडले, आणि मुरायला जागाच नसल्याने जवळजवळ सगळे वाहून नदीत आले. मंगळवारी, २५ तारखेला, डेटनचे काठाचे बांध फुटले. शहराच्या मध्यवस्तीत काही ठिकाणी २० फुटांपर्यंत पाणी चढले. लोक माळ्यावर गेले, तिथून छपरावर. फुटलेल्या गॅसवाहिन्यांनी पेट घेतला. पाण्यात उभ्या असलेल्या इमारती जळताना दिसत होत्या आणि विझवायला कोणी पोहोचू शकत नव्हते. वर कालव्याचे तलाव फुटले, अशा आवया उठत राहिल्या. साऱ्या खोऱ्यात ३६० च्या वर माणसे गेली. राइट बंधूंच्या घरातही पाणी शिरले. १९०३ च्या पहिल्या उड्डाणाच्या छायाचित्राची काचेची निगेटिव्ह त्या पाण्यात भिजली, आणि तिच्या कोपऱ्याचा उडालेला भाग आजही प्रतींमध्ये दिसतो. कालव्याचीही तिथेच अखेर झाली. आधीच रेल्वेने त्याचा धंदा बसवला होता, पुरानंतर तो पुन्हा दुरुस्त झालाच नाही.

डेटनमध्ये नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचे जॉन पॅटरसन यांनी पुराच्या दिवसांत कारखान्यात सपाट तळाच्या होड्या बनवून घेतल्या होत्या. पूर ओसरल्यावर शहराच्या बचावासाठी निधी उभारला गेला, त्यातही ते आघाडीवर होते. माळ्यावर बसून देवाला दिलेला शब्द विसरू नका, अशा आशयाची त्या मोहिमेची हाक होती. काही आठवड्यांतच दोन दशलक्ष डॉलरांच्या वर आकडे पडले. देणगीदारांत मोठे कारखानदार होते, तसे रोजंदारीवरचे लोकही होते. अभियंता म्हणून आर्थर अर्नेस्ट मॉर्गन (१८७८–१९७५) यांना बोलावले. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. मिनेसोटात दलदलीच्या जमिनींचा निचरा करता करता ते हे काम शिकले होते.

मॉर्गन यांनी घाई केली नाही, आणि आजही या कामात सर्वांत शिकण्याजोगे तेच वाटते. १९१३ चा पूर पुन्हा आला तर काय, एवढाच प्रश्न त्यांना पुरेसा वाटला नाही. त्याहून मोठा पूर कधी येऊ शकतो का, हे त्यांना शोधायचे होते. अमेरिकेत मोजमापाच्या नोंदी थोड्याच वर्षांच्या होत्या. म्हणून त्यांच्या माणसांनी युरोपातल्या डॅन्यूब, सेन अशा नद्यांच्या शतकांच्या नोंदी धुंडाळल्या आणि पूर्व अमेरिकेतल्या मोठ्या वादळी पावसांचा एकेक करून अभ्यास केला. हा अभ्यास १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि पर्जन्यशास्त्रात त्याला स्वतंत्र मोल आले. या सगळ्यातून निष्कर्ष निघाला की १९१३ च्या पुरापेक्षा चाळीस टक्के मोठा पूर धरून आराखडा करावा. पात्र रुंद करणे, बांध वाढवणे, धरणे घालणे असे वेगवेगळे पर्याय किमतीसह तपासून शेवटी निवड झाली ती कोरड्या धरणांची आणि शहरांतल्या पात्रसुधारणेची. पूर्वदाखला फ्रान्समध्ये होता. ल्वार नदीवर पिने येथे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दगडी बांधाने नदीची वाट अरुंद करून पूर थोपवला जात होता.

आराखडा कागदावर उतरला तसा वरच्या परगण्यांतून विरोध उठला. तो विरोध हटवादी नव्हता. डेटन वाचवायचे म्हणून शेल्बी आणि मायामी परगण्यांतल्या शेतांवर पाणी उभे राहणार होते, म्हणजे फायदा खालच्यांचा आणि बुडणे वरच्यांचे. शिवाय १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउनच्या वरचे मातीचे धरण फुटून २,२०० च्या वर माणसे मेली होती, ती आठवण लोकांच्या मनात ताजी होती. तिथे एका श्रीमंत क्लबाने मासेमारीसाठी तलाव भरलेला ठेवला होता, खालून पाणी काढायचे नळ आधीच निघाले होते, आणि पावसात पाणी धरणावरून गेले. मातीच्या धरणावरून पाणी गेले की ते उरत नाही. वरच्या गावांची भीती म्हणूनच खरी होती.

१९१४ च्या फेब्रुवारीत ओहायओच्या विधिमंडळाने खोऱ्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापण्याचा कायदा केला. अनेक न्यायालयीन झगड्यांनंतर जून १९१५ मध्ये मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट हे मंडळ अस्तित्वात आले. परगण्यापरगण्यातले न्यायाधीश एकत्र बसून त्याचे न्यायालय होई. केंद्र सरकारचा पैसा नाही, राज्याचाही नाही. मंडळाने कर्जरोखे काढले, आणि ज्या घरादारांचा, कारखान्यांचा, शेतांचा पुरापासून बचाव होणार होता, त्यांच्यावर फायद्याच्या प्रमाणात आकारणी बसवून ते फेडले. शेवटचे रोखे १९४९ मध्ये फिटले. खाली राहणाऱ्याने आपल्या सुरक्षिततेची किंमत स्वतः मोजायची, हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात त्यासाठी घरोघरची मोजणी, मूल्यांकन आणि तक्रारींची सुनावणी असे वर्षानुवर्षांचे काम करावे लागले.

बुडीत जमिनींबाबतही मंडळाने वेगळी वाट धरली. बरीचशी जमीन विकत घेतली, आणि काम झाल्यावर त्यातली पुष्कळशी पुन्हा शेतकऱ्यांनाच विकली, पण एक अट दस्तात कायमची नोंदवून. येथे पूर उभा राहू शकेल, मंडळाला तो हक्क राहील, आणि पूररेषेच्या आत घर बांधायचे नाही. पाचही धरणांच्या मिळून पस्तीस हजार एकरांच्या आसपास जमिनीवर अशी अट आहे. शेती चालू राहिली, वस्ती मात्र आत आली नाही. पूररेषा नकाशावर आखून मग वर्षानुवर्षे तिच्यावरून भांडत बसण्यापेक्षा ती खरेदीखतातच घालणे हे मला या साऱ्या योजनेतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. पाचांपैकी हफमन धरणाच्या वर ऑसबोर्न नावाचे अख्खे गाव होते. तिथली घरे चाकांवर चढवून काही मैल दूर नेली आणि नव्या जागी पुन्हा बसवली. त्याच धरणाच्या क्षेत्रात हफमन प्रेअरीचे ते कुरणही येते, जिथे राइट बंधूंनी १९०४–०५ मध्ये विमान वळवायला शिकून घेतले.

बांधकाम १९१८ च्या सुरुवातीला हाती घेतले. महायुद्ध चालू असल्याने माणसे मिळणे कठीण होते, म्हणून प्रत्येक धरणापाशी कामगारांसाठी कुटुंबासह राहण्याची वसाहत उभारली. तिथे घरे, भोजनघर, शाळा, वीज होती, आणि वसाहतीचा कारभार रहिवाशांच्या सभेकडे असे. लॉकिंग्टनलाही अशी वसाहत होती. त्या काळच्या बांधकामांवरच्या तंबू-झोपड्या पाहिलेल्यांना हे नवलच होते.

मातीकाम जलभरण पद्धतीने झाले. आपल्याकडे धरण बांधताना काळ्या मातीचे हार्टिंग मध्ये आणि मुरमाचे केसिंग दोन्ही बाजूंनी, थर टाकून रोलरने दाबत वर आणतात. लॉकिंग्टनला पाण्यानेच हे काम केले. खाणीतली माती-रेव यंत्राने उपसून हौदात टाकायची, तिच्यावर जोराचे फवारे मारून गढूळ लगदा करायचा, आणि तो पंपाने लोखंडी नळांतून धरणाच्या दोन्ही कडांना नेऊन सोडायचा. पहिल्या पावसात शेताच्या बांधावरून ओघळ उतरतो तेव्हा खडे आधी थांबतात, मग जाड वाळू, आणि चिकणमाती पाण्याबरोबर पार खोलगटात जाऊन बसते. तसेच येथे घडे. खडा-वाळू कडेला राही आणि बारीक माती मधल्या लांबट डबक्यात निवत जाई. डबके हळूहळू वर चढे आणि त्याच्या खाली पाणी न झिरपणारा गाभा तयार होत राही. चाळणी नाही, प्रतवारीची यंत्रे नाहीत. वाहत्या पाण्याला वजनाप्रमाणे कण टाकत जाण्याची जी सवय आहे, तिच्याकडूनच धरण रचून घेतले. पुढे इतरत्र या पद्धतीच्या बांधांचे अपघात घडले : १९३८ मध्ये मोंटानातील फोर्ट पेक धरणाचा भाग बांधकामातच घसरला, आणि १९७१ च्या भूकंपात कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडोच्या धरणाचा वरचा उतार खचला. त्यानंतर मोठी धरणे अशी बांधणे बंद पडले. मायामी खोऱ्यातली पाचही मात्र उभी आहेत.

धरणाचे सगळे गणित दोन मोऱ्यांच्या मापात आहे. प्रत्येक मोरी सुमारे नऊ फूट रुंद आणि जवळपास तेवढीच उंच. खालचे पात्र सुरक्षितपणे जेवढे पाणी वाहून नेऊ शकते, तेवढेच त्यांतून बाहेर पडेल असा हा आकार आहे. रोजचे पाणी, साधा पाऊस यांना मोरी मुळीच अडवत नाही. मोठा पाऊस झाला की येणारे पाणी मोरीत मावेनासे होते आणि उरलेले मागे फुगत जाते. पाऊस थांबला की तेच पाणी काही दिवसांत त्याच मोऱ्यांतून निघून जाते. मध्यरात्री कोणी दरवाजा उघडायचा, किती फूट उघडायचा, खालच्यांना कधी कळवायचे, हे प्रश्नच येथे नाहीत, कारण उघडझाप करायला काही ठेवलेलेच नाही. मोऱ्यांच्या वर काँक्रीटचा सांडवा आहे. सांडव्याच्या पातळीपर्यंत धरणाची साठवण ७०,००० एकर-फूट, म्हणजे सुमारे ३ टीएमसी. पुण्याच्या खडकवासल्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आसपास आहे, त्याच्या दीडपट. पाच धरणे मिळून ही क्षमता ८,४१,००० एकर-फूट होते. आजवर एकाही धरणाच्या सांडव्यावरून पाणी गेलेले नाही.

मागे पाणी फुगले की मोरीतून बाहेर येणारी धार भयंकर वेगाची होते. तिला तशीच सोडली तर ती धरणाचा पायथाच खणून काढील. म्हणून मोरीच्या तोंडाशी पायऱ्या, आडव्या भिंती आणि खोलगट हौद यांची अशी रचना केली की धार तिथे आदळून उसळी घेते, फेसाळते, आपला जोर तिथेच खर्च करते आणि पुढे शांत होऊन पात्रात जाते. पाण्याच्या या उसळीला अभियंते हायड्रॉलिक जंप म्हणतात. शेरमन वुडवर्ड या अभियंत्याने लहान प्रतिकृती करून तिचा जो अभ्यास केला, तो जगभरच्या धरणबांधणीत वापरला गेला.

बांधल्यापासून आजवर या पाच धरणांनी मिळून दोन हजारांहून अधिक वेळा पुराचे पाणी थोपवले आहे. सर्वांत मोठा साठा १९५९ च्या जानेवारीत झाला. त्या वेळी जमीन गोठलेली होती आणि वर पाऊस कोसळत होता. तरीही खालची शहरे वाचली. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल एंजिनिअर्सने १९७२ मध्ये या कामाला ऐतिहासिक स्थापत्यकामाचा दर्जा दिला.

मॉर्गन यांना एक धास्ती होती. उद्या कोणीतरी म्हणेल, एवढा मोठा बांध रिकामा का ठेवायचा? थोडे पाणी धरू, वीज काढू, नौकाविहार करू. म्हणून त्यांनी धरणांपाशी धातूच्या फलकावर कोरून ठेवले की ही धरणे पूर अडवण्यासाठीच आहेत, आणि वीज किंवा साठवण यांसाठी त्यांचा वापर करणे खालच्या शहरांच्या जिवावर उठेल. ही धास्ती अस्थानी नव्हती. मॉर्गन पुढे १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचे पहिले अध्यक्ष झाले. तिथली धरणे बहुउद्देशीय होती. वीज, नौकानयन आणि पूरनियंत्रण यांसाठी एकाच जलाशयात जागा वाटायची होती. टेनेसीच्याच नमुन्यावर स्वतंत्र भारतात १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन स्थापन झाले. पूर अडवायला जलाशय रिकामा हवा, वीज आणि सिंचनाला भरलेला हवा, हा पेच तेव्हापासून आपल्या प्रत्येक मोठ्या धरणावर पावसाळ्याच्या शेवटच्या महिन्यात उभा राहतो. लॉकिंग्टनला तो नाही, कारण त्याच्याकडून एकच काम घ्यायचे ठरले आहे.

भारताशी मॉर्गन यांचा संबंध याहून जवळचाही होता. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली १९४८–४९ मध्ये विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला, त्याचे ते सदस्य होते. दामोदरच्या योजनेसाठी आधीपासून झटणारे मेघनाद साहाही त्याच आयोगावर होते. आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची जी कल्पना मांडली, तिच्यामागे मॉर्गन यांचा विचार होता. खेड्यात शिक्षण आणि काम एकत्र चालावे, हा धागा धरणावरच्या त्या वसाहतींपासूनचा. या कल्पनेतूनच पुढे देशात ग्रामीण उच्चशिक्षणाच्या संस्था सुरू झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे मौनी विद्यापीठ ही त्यांपैकीच एक.

आज लॉकिंग्टनला जाणाऱ्याला पाहण्यासारखे फारसे नाही. गावात जुन्या जलपायऱ्यांचे दगडी अवशेष आहेत, ते १९६९ मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत घेतले गेले. धरण म्हणजे गवताने झाकलेली लांबच लांब टेकडी. त्या गवताची मात्र फार काळजी घेतात. ते वेळेवर कापतात, कारण उंच गवतात भेगा, ओल आणि बिळे दिसत नाहीत. उतारावर झाड रुजू देत नाहीत, कारण झाड वाळले की त्याच्या कुजलेल्या मुळांतून पाण्याला वाट मिळते. वुडचक नावाचा घुशीसारखा प्राणी बांधात बिळे करतो, ती शोधून बुजवावी लागतात. मोऱ्यांच्या तोंडाशी ओंडके आणि फांद्या येऊन अडकतात, ते काढावे लागतात, कारण मोरी तुंबली तर सगळे गणितच बिघडते. पूर येऊन गेल्यावर वरच्या शेतांत कुंपणांना कमरेएवढ्या उंचीवर पालापाचोळा अडकून राहतो, पाणी किती उभे होते ते त्यावरून कळते. मग शेतकरी तो उपसून काढतो आणि वाफसा येण्याची वाट पाहत बसतो.